कंदील खाली ठेव

ब्रॅटलबरो, व्हरमाँट
३ मार्च

चि. ऑरिन यास (सत्तरीला आलेल्या माणसाला चिरंजीव म्हणताना हसू येतं, पण धाकटा भाऊ तो धाकटाच) अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे अजून गुडघाभर बर्फ आहे. तरी मेपलचा रस उकळायला लोकांनी सुरुवात केली आहे आणि सगळ्या गावाला गोड वाफेचा वास सुटला आहे. पहिल्या पाकाची बाटली माझ्या भावजयीच्या, पॉलेटच्या नावानं पाठवते. तुझ्या नावानं पाठवली की ती वाटेतच अर्धी होते, असा माझा अनुभव आहे.

आता खरी बातमी. आपला ‘लँटर्न क्रीक’ बँड मे महिन्यात लास व्हेगासच्या त्या अवाढव्य घुमटात वाजवणार आहे आणि मला दोन तिकिटं मिळाली आहेत! पूर्वी आपण तिकिटाच्या मागणीच्या पाकिटावर चित्रं रंगवून बँडला पाठवायचो आणि नशिबात असलं तर तिकीट टपालानं घरी यायचं. आता कॉम्प्युटरसमोर नंबर लावून बसावं लागतं. तरी जुनी सवय म्हणून हे पाकीट मी रंगवलं आहे. कोपऱ्यात बटाट्यासारखं जे दिसतंय ते घुबड आहे.

माझं दुखणं तुला ठाऊकच आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी चालवायची ती शाळेची बस उभी करून मी आयुष्यभर या लोकांच्या मागे गावोगाव हिंडले, पण ‘कंदील खाली ठेव’ हे गाणं मी समोर बसून एकदाही ऐकलेलं नाही. कुठल्या दिवशी काय वाजवायचं ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं, हे मान्य. पण मी नसले की नेमकं तेच कसं वाजतं? तू ते दोनदा ऐकलंस, आणि दोन्ही वेळा मला गाडीत झोपलेली सोडून गेलास. हे मी विसरलेले नाही. बँडचा ऑगी आता ऐंशीच्या घरात आहे. तो गिटारवर बोटं चालवतोय तोवर एकदा कानावर पडू दे.

तेव्हा तू यायचंस. आणखी एक. दर रविवारी सकाळी तुझा फोन यायचा, तो बंद झाला. डोंगरामुळे लाइन खराब आहे असं तू लिहितोस. तो डोंगर काय गेल्या वर्षी आणून ठेवला तिथे?

लोभ आहेच, तो वाढव. वजन सोडून तेवढंच वाढवायला डॉक्टरांची हरकत नसते.

तुझी
हेस्टर

---

पेंडलटन, ओरेगन
१२ मार्च

ती. हेस्टर हिस सा. न. (तू चिरंजीव म्हणालीस, मी तीर्थरूप म्हटलं. फिट्टंफाट.)

पाक मिळाला. घुबड पाहिलं. बटाटाच आहे.

मी येणार नाही. राग मानू नकोस, पण ते काही आपलं राहिलेलं नाही. मूळच्या सहा जणांत आता ऑगी आणि एक ढोलवाला एवढे दोघेच उरले. बाकीचे आपल्या मुलांच्या वयाचे. त्यात तो डोक्यावरून पार पाठीमागे जाणारा पडदा! गाणं ऐकायला आलेल्या माणसाला आभाळातून देवमासे पोहताना दाखवायची गरज काय? आम्ही गाणी टेप करायला दांड्यावर माइक बांधून चिखलात उभे राहायचो, शेजारचा खोकला तरी डोळे वटारायचो, आणि तरीही डोळे मिटून ऐकायचो. ऑगीनं पहिले दोन सूर लावले की अख्ख्या मैदानात गाणं ओळखणारा पहिला माणूस मी असायचो. त्या कॅसेटींची खोकी माळ्यावर आहेत. मला तेवढं पुरे आहे.

‘कंदील’ मी दोनदा ऐकलं हे खरं. दुसऱ्या खेपेला तर अर्धा तास चाललं. तुला उठवायला आलो होतो, पण तू घोरत होतीस.

कुंपणाचे खांब बदलायचे आहेत, त्यात मे महिना जाईल. पॉलेट बरी आहे. तिला आपला बँड पहिल्या दिवसापासून आवडत नाही. ती म्हणते, यांचं एक गाणं संपेपर्यंत तिचा पाव भाजून होतो. आणि डोंगर तोच आहे, तारा जुन्या झाल्या आहेत.

तुझा लोभ कमी झाला तरी चालेल, पण पाकाची दुसरी बाटली पाठव.

तुझा
ऑरिन

---

पेंडलटन
१३ मार्च

प्रिय हेस्टर, स. न. वि. वि.

हे पत्र मी गावात सामान आणायला आले तेव्हा गुपचूप टाकते आहे. ऑरिननं तुला काय लिहिलं ते त्यानं मला दाखवलं नाही, पण कुंपणाचा उल्लेख असणार. ते कुंपण मी मागच्याच शरद ऋतूत माणूस लावून नीट करून घेतलं.

त्याला ऐकू येत नाही, हेस्टर. थोडंथोडकं नाही, जवळजवळ काहीच नाही. कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की उठून गोठ्यात जातो. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कानाचीच बढाई मारली, त्याला हे कबूल करणं किती जड जात असेल ते मला कळतं. पण मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. तो ‘काय म्हणालीस?’ किंवा ‘पुन्हा सांग’ असं कधी म्हणत नाही. नुसती मान डोलावतो. परवा मी मुद्दाम म्हटलं, ऑरिन, छपराला आग लागलीय. तर हसून म्हणाला, छान.

फोन म्हणूनच बंद झाला. तुझा आवाज आला नाही तर तुला खोटं हसून दाखवावं लागेल, हे त्याला जमत नाही. माझ्यापाशी जमतं.

आणि आणखी एक सांगते. मागच्या आठवड्यात मी अंड्यांची टोपली घेऊन लवकर परतले, तर हा माळ्यावर जुनी कॅसेट लावून बसला होता. स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकवून, डोळे मिटून. आवाज इतका मोठा की कोंबड्या बावरल्या होत्या. मी खाली येऊन मुकाट्यानं अंडी पुसत बसले.

त्याला घेऊन जा गं. कसं ते तुलाच ठाऊक. लहानपणापासून त्याला फसवायची सवय तुला आहे, मला नाही.

असाच लोभ ठेव, आणि हे पत्र चुलीत टाक.

तुझी
पॉलेट

---

ब्रॅटलबरो
२१ मार्च

प्रिय पॉलेट, स. न. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले आणि मग बर्फ उपसायला गेले. त्याच्यावर मनातल्या मनात किती चिडत होते मी! वाटायचं, म्हातारपणी याला बहीण नकोशी झाली.

आता ऐक. स्पीकरच्या पेटीचं तू लिहिलंस आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घुमटात काही खुर्च्यांच्या पोटात यंत्र बसवलेलं आहे. खालचे सूर वाजले की ते पाठीला, मांड्यांना लागतात. माझी तिकिटं तिथली नव्हती. फोनवर एका मुलीचं डोकं खाऊन मी ती बदलून घेतली. तिला माझे गुडघे, माझा भाऊ आणि आमच्या आईचं लग्न, सगळं सांगितलं.

त्याला यायला लावायचं तर एकच नाव पुरेल. गॉर्डी! गाडीतळावर दुप्पट भावानं तिकिटं विकताना सापडला होता तो. जास्त पैसे घेऊन तिकीट विकणाऱ्याला आमच्यात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. आणि ऑगीचे सूर ऑरिनच्या आधी आपण ओळखायचो असं तो अजून सांगत फिरतो. बघ आता.

तुझा लोभ आहे म्हणून हे धाडस करते आहे.

हेस्टर

---

ब्रॅटलबरो
२४ मार्च

चि. ऑरिन यास आशीर्वाद.

कुंपणाचं काम महत्त्वाचं, मी समजू शकते. तिकीट वाया जायला नको म्हणून ते गॉर्डीला द्यायचं ठरवलं आहे. बिचारा किती खूश होईल! ऑगीनं ‘कंदील’चे सूर लावलेच, तर ते सगळ्यांत आधी ओळखणारं कोणीतरी शेजारी हवंच.

लोभ तुझ्यावरही आहे, त्याच्यावरही.

हेस्टर

---

पेंडलटन
३१ मार्च

हेस्टर,

त्या चोराला तिकीट? आपल्या आईच्या पोटची आहेस ना तू? त्याला ‘कंदील’ काय, वाढदिवसाचं गाणंसुद्धा ओळखता यायचं नाही. विमानाचं तिकीट काढलं आहे. सोळा मेला दुपारी पोचतो. मला देवमाशांबद्दल एक अक्षर बोलायला लावू नकोस.

लोभाचं तिथे आल्यावर बघू.

ऑरिन

---

ब्रॅटलबरो
२० मे

प्रिय पॉलेट, स. न. वि. वि.

तो सुखरूप पोचला असेलच, आणि तुला काहीही सांगितलं नसेल. म्हणून मी सांगते.

विमानतळापासूनच तुझं छपराचं खरं निघालं. मी काहीही बोलले की मान डोलवायचा. मग मीही बोलणं सोडून त्याच्या दंडाला धरून चालायला लागले. हॉटेलामागच्या गाडीतळावर आपली जत्रा भरली होती. तव्यावर चीजचे पाव, रंगीबेरंगी शर्ट, आणि फुकट तिकिटाच्या आशेनं एक बोट वर करून फिरणारी माणसं. त्यातले एक आजोबा वॉकर धरून आले होते. एका हातानं वॉकर, दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे. त्यांना आमच्यासमोरच तिकीट मिळालं तेव्हा ऑरिन पहिल्यांदा हसला.

आत गेल्यावर मात्र हाताची घडी घालून बसला. पडद्यावर नदी काय, जंगल काय, माझी तर मान दुखायला लागली आणि तोंड उघडं राहिलं. (देवमासे नव्हते. हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.) हा आपला बुटांकडे बघतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या की मागून हा वाजवायचा. पॉलेट, मला वाटलं, आपण याला कुठे आणून बसवलं?

मग ऑगी पुढे आला. त्याचा पहिलाच खर्जाचा सूर लागला आणि ऑरिननं शेजारच्या माणसाकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. ऑरिनला वाटलं, तो माणूस पाय आपटून खुर्ची हलवतोय! दुसऱ्या सुराला त्यानं खुर्चीकडे पाहिलं. तिसऱ्याला दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवले. थोड्या वेळानं बूट काढले. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. डोळे मिटलेले, मोजे घातलेला पाय हलत होता, आणि अगदी ठेक्यात. मी पडद्याकडे पाहणंच सोडून दिलं.

उत्तरार्धात ढोल सुरू झाले की उठायचं आणि मोकळं होऊन यायचं, हा आमचा पूर्वापार नियम. ढोल संपायला कधीच घाई नसते आणि नंतरही काही संथच येतं. मी उठले. ऑरिनला त्या खुर्चीतून उठवायला तेव्हा क्रेन लागली असती. बायकांची रांग नेहमीप्रमाणे दारापर्यंत होती. सगळ्या आपल्याच वयाच्या, चष्मे गळ्यात लटकवलेल्या, गुडघे चोळणाऱ्या. पण ढोलवाला आता म्हातारा झालाय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो लवकर दमला.

माझा नंबर येणार इतक्यात दार धाडकन उघडलं आणि पायांत नुसते मोजे घातलेला तुझा नवरा बायकांच्या संडासात शिरला. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही असा माणूस जेवढ्या मोठ्यानं ओरडेल तेवढ्या मोठ्यानं ओरडत होता, हेस्टर! कंदील! कंदील! आधी किंकाळ्या झाल्या. एकीनं त्याच्यावर हात पुसायचे कागद फेकले. मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. पांढऱ्या वेणीची एक उंच बाई रांगेत सर्वांत पुढे होती. ती त्याच्याकडे बोट करून म्हणाली, पोरींनो, शिव्या नंतर, आधी पळा! आणि हा देखणा माणूस कुणाचा आहे ते विचारा. कुणाचाच नसेल तर मी घेऊन जाते.

तुझा आहे असं मी सांगितलं. जरा उशिरानं सांगितलं.

सगळी रांग पळाली. इतक्या बाया वाटेत नाचायला लागल्या की आम्हाला आमच्या खुर्च्यांपर्यंत पोचताच आलं नाही. मागच्या कठड्यापाशी उभे राहिलो. ऑगी गात होता. थकलेल्या, फाटक्या आवाजात, पण तेच. मीही गायला लागले, आणि गाता गाता माझ्या लक्षात आलं की ऑरिन पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघतोय. कठडा मुका होता. तिथे त्याला काहीच जाणवत नव्हतं. त्या सबंध घुमटात त्याला गाणं मिळेल अशी एकच जागा होती, आणि पहिले दोन सूर पाठीला लागताच तो तिथून उठून माझ्यासाठी धावला होता.

मला रडू आवरेना. मी त्याचा हात ओढून माझ्या पाठीवर ठेवला आणि तशीच गात राहिले. शेवटचं कडवं संपेपर्यंत त्यानं हात काढला नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, तू बेसूर आहेस हे हातालासुद्धा कळतं.

त्या वेणीवालीचं त्याला सांगू नकोस. त्याला ते ऐकू आलेलं नाही, आणि मला त्याचा उपयोग करायचा आहे.

लोभ असू दे, नवराही असू दे.

तुझी
हेस्टर

---

पेंडलटन
२८ मे

ती. हेस्टर हिस सा. न. वि. वि.

ऑगीचे दोन सूर. दोनच. गॉर्डीला हे कळव.

आता मुद्द्याचं. त्या बायका मला काय म्हणाल्या? तोंडं हलताना दिसली. ती पांढऱ्या वेणीची माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. मी मान डोलावली. कशाला डोलावली ते मला ठाऊक नाही, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. शिव्या असतील तर शिव्या, पण कळल्या पाहिजेत. पॉलेटला विचारलं तर ती पीठ मळता मळता नुसती हसते.

मला ऐकू येत नाही, हेस्टर. हे लिहिता येतं, तोंडानं म्हणवत नाही. तुला ते कळलेलं आहे हेही मला कळलेलं आहे. कोणी त्या खुर्च्या उगाच घेत नाही. त्या खुर्चीत मला पहिल्यांदा कळलं की गाणं कुठे गेलेलं नाही, मीच दार लावून बसलो होतो. तुझ्याशी फोनवर बोलायची मला लाज वाटत होती. तू काहीतरी विनोद करणार आणि मी चुकीच्या जागी हसणार, ही भीती.

ते असो. बायका काय म्हणाल्या ते उलटटपाली लिही.

लोभ आहे तसाच ठेव, मी तो तपासून पाहत नाही.

ऑरिन

---

ब्रॅटलबरो
५ जून

चि. ऑरिन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

लाज तुला नाही, मला वाटायला हवी. डोंगराची थट्टा करत बसले. पण फसवून नेलं त्याबद्दल माफी मागणार नाही. गॉर्डी बऱ्याच वर्षांपूर्वी फ्लोरिडात होड्या विकायला गेला. त्याचा पत्ताही माझ्याकडे नाही.

बायका काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. टपालखात्याची माणसं सभ्य आहेत. ते फक्त फोनवर सांगता येईल, हळू आवाजात, एकदाच. कानाचं यंत्र बसवून घे आणि मग येईल त्या रविवारी सकाळी फोन कर. यंत्र नाही तर गोष्ट नाही. वेणीवाली तुझ्याबद्दल जे बोलली ते माझ्याबरोबर थडग्यात जाईल.

लोभ इतका आहे की मी दर रविवारी फोनपाशी बसेन.

तुझी
हेस्टर

---

पेंडलटन
२६ जून

प्रिय हेस्टर, स. न. वि. वि.

तुझ्या बाजूचं तुला ठाऊक आहे, आमच्या बाजूचं कळवते.

यंत्र बसवून आला त्या दिवशी घरभर हिंडत होता. फ्रिजला कुरकुर करतोस म्हणून दटावलं. कुत्र्याची नखं लाकडी जमिनीवर वाजतात हे त्याला नवीनच होतं. मी जेवताना मचमच आवाज करते, हेही त्यानं शोधून काढलं. तेव्हा मला क्षणभर जुने दिवस बरे वाटले.

रविवारी भल्या सकाळीच दाढी केली, केस विंचरले. फोनवर बोलायला! खुर्ची ओढून बसला आणि तुझा नंबर फिरवला. मी ओट्यापाशी धिरड्यांचं पीठ फेटत होते, आणि तू म्हणतेस तेवढ्या हळू आवाजात काही बोलली नाहीस. मला ते सगळं ऐकू येत होतं. तो ऐकत होता. मान डोलवत नव्हता. आधी कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. नंतर त्यानं फोन कानाला आणखी घट्ट धरला. मला वाटलं, यंत्र बंद पडलं की काय.

मग तो म्हणाला, पुन्हा सांग.

किती वर्षांनी मी हे शब्द त्याच्या तोंडून ऐकले, हेस्टर! पळी हातात धरून मी तशीच उभी राहिले. आणि लगेच कळलं की त्याला पहिल्याच खेपेला नीट ऐकू आलं होतं. मेल्याला ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. तू सांगितलंस. तर म्हणाला, देखणा म्हणाली, तिथपासून पुन्हा.

धिरडी करपली. आम्ही ती तुझ्या पाकात बुडवून खाल्ली.

आमच्या दोघांवर लोभ आहेच. पुढचा कार्यक्रम कुठेही असो, मीही येईन म्हणते. तुमची गाणी ऐकायला नव्हे. त्या पांढऱ्या वेणीवालीला एकदा बघून घ्यायला.

तुझी
पॉलेट